थ्रो-इन कोणाचा

मिलिंदा,

तुला जाऊन आज पाच दिवस झाले आणि फुटबॉल लीगच्या सेक्रेटरींचा मला तिसऱ्यांदा फोन आला. माणूस वाईट नाही. आधी दोन मिनिटं तुझ्याबद्दल बोलले, मग घसा खाकरून म्हणाले, "ते मॅच रिपोर्टचं तेवढं बघा. रेफ्रीच नाहीत म्हटल्यावर सीनियर लाइनमन म्हणून तुम्हालाच द्यावा लागणार. शनिवारपर्यंत दिलात तर सोमवारच्या मीटिंगमध्ये घेता येईल." मी म्हटलं, देतो. फॉर्म टेबलावर पडलाय. मैदान, संघ, हवा हे वरचे रकाने भरून झाले. हवेपुढे मी 'स्वच्छ' लिहिलं. पुढच्या रकान्यापाशी अडलो. 'खेळ कोणत्या कारणाने थांबला, त्या वेळी चेंडू कोणाकडे होता, आणि खेळ पुन्हा कसा सुरू करावा.' अठरा वर्षं हा रकाना तू भरलास आणि मी शेजारी बसून तुझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. आता तो रकाना माझ्या एकट्याच्या वाट्याला आलाय आणि मला एक शब्द सुचत नाही. म्हणून तुलाच लिहितोय.

आपली ओळख रेफ्रींच्या परीक्षेच्या वर्गातली. मी नारायण पेठेतला, पाणीपुरवठा खात्यातला कारकून, चेंडूला जेमतेम पाय लागलेला. भाच्याला मैदानावर सोडायला जायचो आणि तिथं नियमांच्या पुस्तकाच्या नादी लागलो. तू दापोडीचा, खडकीच्या कारखान्यातला फिटर, लहानपणापासून अनवाणी खेळलेला. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, किक-ऑफला चेंडू खेळात आला असं कधी म्हणायचं? मी पुस्तकातलं वाक्य घडाघडा म्हणून दाखवलं. मागच्या बाकावरून तू म्हणालास, "लाथ बसून हलला की." सगळा वर्ग हसला. सरांनी दोघांनाही पूर्ण मार्क दिले. मधल्या वेळात तू चहाचे दोन ग्लास घेऊन माझ्यापाशी आलास. "काय कायदेपंडित, आपण दोघं मिळून एक अख्खा रेफ्री होतो बघा." पंधरा दिवसांत 'बघा'चं 'बघ' झालं, पण कायदेपंडित मात्र कायम राहिला.

नियम बदलले की आपलं जुंपायचं. किक-ऑफ मागेही मारता येईल असं आलं तेव्हा तू आठवडाभर चिडलेला होतास. खेळ सुरू करतानाच मागे जायचं म्हणजे काय, असं तुझं म्हणणं. गोलकिक पेनल्टी बॉक्सच्या बाहेर गेलीच पाहिजे ही अट काढली तेव्हा मी चिडलो आणि तू मजा बघितलीस. पण आपलं खरं भांडण ड्रॉप बॉलचं. पूर्वी खेळ मध्येच थांबवावा लागला, तर रेफ्री चेंडू हातातून खाली सोडायचा आणि दोन्हीकडचे गडी तो पडताच त्यावर तुटून पडायचे. आता तसं नाही. ज्याने शेवटचा स्पर्श केला त्याच्याच संघाला तो मुकाट्याने द्यायचा, बाकीच्यांनी चार मीटर लांब उभं राहायचं. मला हे पटलं. ज्याचं होतं त्याला परत. तू म्हणायचास, "असं परत देता येतं का रे काही? थांबायच्या आधी त्याच्या अंगावर दोघं धावून आले होते. ते दोघं कुठं गेले? त्यांना काय चार मीटर लांब उभं करणार?" यावर मी नियमाचा क्रमांक सांगायचो. ते भांडण राहिलंच. एखाद्या रविवारी सामना संपल्यावर निवांत भांडू, असं दोघांनीही धरलं होतं.

तू नियम मोडायचास, हेही आज लिहून टाकतो. दहा वर्षांखालच्या मुलींचा तो सामना आठव. एका मुलीने थ्रो-इन टाकताना मागचा पाय उचलला. नियम साधा आहे, चूक झाली की थ्रो समोरच्या संघाला. मी झेंडा वर केला. तू शिट्टी वाजवलीस, चेंडू तिच्याच हातात परत दिलास, तिच्या शेजारी उभा राहिलास आणि स्वतःच्या रिकाम्या हातांनी तिला दाखवलंस. दोन्ही पाय जमिनीवर, चेंडू डोक्याच्या मागून, डोक्यावरून. तिने पुन्हा टाकला, पुन्हा पाय उचलला. तू पुन्हा दिलास. तिसऱ्यांदा जमलं. सामना संपल्यावर मी तुझ्यावर तोफ डागली. तू बुटातली माती झटकत म्हणालास, "तुझ्या पुस्तकात दुसऱ्यांना द्या असं लिहिलंय. तिला टाकायला कोणी शिकवायचं ते कुठल्या पानावर आहे, सांग." मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही.

हो, मी रुसायचो. पन्नाशी उलटलेला, डोक्यावर केस नसलेला माणूस चक्क रुसतो, हे बाहेर कोणाला सांगून खरं वाटणार नाही. तुला मात्र चांगलंच ठाऊक होतं, आणि तू त्याची भीड कधी ठेवली नाहीस.

मोठ्या सामन्यांत रेफ्रींच्या कानात बोलायची यंत्रं असतात. आपल्या लीगमध्ये दोन झेंडे आणि एक शिट्टी, त्यातल्या एका झेंड्याची काठी वाकडी. म्हणून तू तुझी पद्धत बसवलीस. खेळ कशानेही थांबो, थ्रो असो, कॉर्नर असो, फ्री किक असो, पुन्हा सुरू व्हायच्या आधी तू एकदा माझ्याकडे बघायचास आणि एकदा समोरच्या लाइनीवर. नवीन लाइनमनला तू एकच गोष्ट सांगायचास: "झेंडा चुकला तर चालेल, पण थांबलं की माझ्याकडे बघ. तू बघितल्याशिवाय मी सुरू करणार नाही." खेळ थांबवायला शिट्टी पुरते, सुरू करायला तीन माणसं लागतात, असं तुझं म्हणणं. या बघण्यात आपलं बरंच बोलणं व्हायचं. माझा झेंडा एकीकडे आणि तुझा निर्णय दुसरीकडे गेला, तर तू डोळे किंचित मिटायचास. म्हणजे, माझं ऐक, नंतर चहा माझ्याकडून.

आता त्या रविवारबद्दल.

पिवळे आणि निळे, सेमीफायनल, एक-एक. मधे तू, माझ्या लाइनीवर मी, पलीकडच्या लाइनीवर शैलाबाई. पहिल्या हाफमध्ये तू माझे दोन झेंडे फिरवलेस. एक कॉर्नर होता, त्याची गोलकिक केलीस, आणि एक थ्रो उलटा दिलास. कॉर्नरचं तुझं बरोबर असेल. थ्रोचं नव्हतं, तो माझ्यापासून दोन हातांवर होता. हाफटाइमला तू मोसंबीच्या फोडी घेऊन माझ्याकडे आलास. "घे कायदेपंडित, डोकं थंड होईल." मी म्हटलं, "नको." तू म्हणालास, "बरं," आणि माझ्या वाटणीची फोडही खाल्लीस. तुझ्या कपाळावर घाम होता. ऊन होतंच, घाम सगळ्यांनाच होता. शैलाबाईंनी तुला विचारलं, "बरं वाटतंय ना सर?" तू म्हणालास, "पन्नाशीत आणखी काय वाटायचं." आपण सगळे हसलो. नाही, मी हसलो नाही. मी रुसलेलो होतो.

दुसऱ्या हाफमध्ये चेंडू माझ्या लाइनीवरून बाहेर गेला. शेवटचा पाय पिवळ्याचा. मी अगदी जवळून पाहिलं, त्याबद्दल आजही तिळमात्र शंका नाही. निळ्यांचा थ्रो. मी झेंडा निळ्यांच्या बाजूने धरला आणि तुझ्याकडे बघितलं. तू मैदानाच्या मध्यभागी उभा होतास, आणि तुझा हात उलट्या दिशेला होता.

पाच दिवस मी तो हात डोळ्यांपुढे धरून बसलोय. तू दिशा दाखवायचास ती खांद्यातून सरळ, पाचही बोटं जुळलेली. तुझ्या हाताची सर आम्हाला कोणालाच नव्हती. त्या दिवशीचा हात डावा होता. कोपरात वाकलेला, बोटं फाकलेली, तळवा माझ्याकडे. हे सगळं मला आता दिसतंय. तेव्हा काय वाटलं ते लिहितो, कारण तुला खोटं लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा मला वाटलं, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझा झेंडा फिरवतोय, आणि तोही असा आळशासारखा, धड हात वर न करता.

मैदानात रेफ्रीचा हात उठला की त्याचा एकच अर्थ असतो, हे आपणच सगळ्यांना शिकवलं. पिवळ्यांच्या गड्याने चेंडू उचलला. निळे थोडे कुरकुरले आणि मागे सरकले. मी झेंडा खाली घेतला.

तू माझ्याकडे बघत होतास. एवढं मी पाहिलं. आणि मी मान फिरवली.

काय कारण सांगू? दुसऱ्या कोणाला सांगायचं झालं तर म्हणेन, लाइनमनचं काम ऑफसाइडसाठी बचावफळीवर नजर ठेवायचं असतं. तू मात्र ऐकून घेणार नाहीस. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, हे तू आणि मी मिळून शंभर पोरांना शिकवलंय. त्या क्षणी बचावफळीकडे बघायला मला काही कारण नव्हतं. तुझे डोळे मिटणं मला बघायचं नव्हतं, तुझा चहा मला नको होता, एवढंच कारण.

थ्रो पडला, एक पास, आणि पिवळ्यांच्या नऊ नंबरने चेंडू जाळ्यात मारला. सगळं मैदान त्या गोलपोस्टकडे धावत होतं. मीही सवयीने लाइनीवरून मधल्या रेषेकडे धावलो. गोल झाला की रेफ्रीच्या नजरेला नजर द्यायची असते. मी वही काढली. घड्याळात बघितलं, मिनिट लिहिलं, नऊ नंबर लिहिला. त्यानंतर वर बघितलं. तू दिसला नाहीस. मला वाटलं, बुटाची नाडी बांधायला वाकला असशील.

मग शैलाबाईंची हाक ऐकू आली. त्या पलीकडून झेंडा टाकून केव्हाच आत धावल्या होत्या. त्यांनी झेंडा हलवला होता म्हणे, हाका मारल्या होत्या, पण सगळ्यांची पाठ त्यांच्याकडे होती. त्या तुझ्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होत्या. आणि मी, मिलिंदा, मी रेषेवर उभा होतो. रेफ्रीने बोलावल्याशिवाय लाइनमन आत जात नाही. मला हे कळत होतं की बोलावणारा खाली पडलाय, आणि तरी माझा पाय रेषेच्या बाहेरच होता. किती वेळ, मला माहीत नाही. निळ्यांचा गोलकीपर माझ्या अंगावरून धावत गेला तेव्हा त्याचा धक्का लागून मी आत आलो.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आधी कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. 'फारसा' हा शब्द त्यांनी कशाला घातला, कोण जाणे. मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

दापोडीला तुझ्या दारात एवढी माणसं पाहून मला नवल वाटलं, आणि त्या नवलाची लाजही वाटली. कारखान्यातले, विहारातले, आणि मैदानावरची किती तरी पोरं, काही तर स्वतः बाप झालेली. त्रिशरण सुरू झालं तेव्हा मला शब्द येत नव्हते. शेजारी उभ्या असलेल्या तुझ्या मेहुण्याने हळू आवाजात एकेक ओळ माझ्यासाठी आधी म्हटली, मी ती मागून म्हटली. अठरा वर्षं तुझ्या घरी येतोय, आणि एवढंही शिकून घेतलं नव्हतं.

तुला घरी आणलं तेव्हा तुझे गुडघे चुन्याने पांढरे होते. मधल्या वर्तुळाची रेषा. कोणीतरी ओल्या फडक्याने पुसले.

दुसऱ्या दिवशी पिवळ्यांच्या मॅनेजरचा फोन आला. "सर, फार वाईट झालं. आमची सगळी पोरं रडतायत. आपल्याला एकच विचारायचं होतं, म्हणजे घाई अजिबात नाही, पण तो गोल धरणार ना?" मी म्हटलं, घाई नाही ना, मग ठेवा फोन. संध्याकाळी निळ्यांचा. ते म्हणाले, रेफ्री आधीच पडले होते, गोल कसला? कोणी म्हणतं थ्रोच्या आधी पडलास, कोणी म्हणतं नंतर. मी पुस्तक चाळलं. रेफ्रीला पुढे काम करता येत नसेल तर दुसऱ्याने घ्यावं, इथपर्यंत ठीक आहे. पण रेफ्री पडताना त्याचा हात वर असेल तर तो निर्णय समजावा की नाही, हे त्यात नाही. सगळ्या वस्तुस्थितीचा निर्णय रेफ्रीचा, आणि तो अंतिम, असं मात्र ठळक लिहिलंय. तो रेफ्री तू. तुला कुठं विचारायला येऊ?

शैलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तो हात मीही बघितला. मला वाटलं थ्रोच देतायत. ते पडल्यावर कळलं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही तर समोर होता. चेहरा कसा होता त्यांचा?" मी म्हटलं, उन्हात नीट दिसलं नाही.

खरं असं आहे की मी दोन्ही लिहू शकतो. 'रेफ्रींनी थ्रो पिवळ्यांना दिला' असं लिहिलं तर गोल राहतो, पिवळे फायनलला जातात, आणि तो हात थ्रोचा हात ठरतो. मग मी निर्दोष. एक रागावलेला लाइनमन, बस. 'तो इशारा नव्हता' असं लिहिलं तर गोल जातो, निळ्यांच्या थ्रोने खेळ पुन्हा सुरू होतो, आणि तू मला बोलावत होतास हे माझ्याच अक्षरात कागदावर येतं. पण हेही मी कशावरून लिहू? तूच म्हणायचास, जे पाहिलं नाही ते रिपोर्टमध्ये घालायचं नाही, मग ते कितीही खरं असो. ज्या क्षणी कळलं असतं त्याच क्षणी मी मान फिरवली. आता जन्मभर डोळे ताणले तरी ते दिसणार नाही. एकदा वाटतं, तू मला सरळसरळ ओव्हररूल केलंस आणि तुझंच चुकलं होतं. किती बरं होईल तसं असेल तर. तुझी चूक निघावी म्हणून मी एवढा आसुसलोय हे तुला कळलं असतं तर तू पोट धरून हसला असतास.

काल इथवर लिहून थांबलो. रात्रभर घोळ घालून शेवटी आज, शनिवारी सकाळी रकाना भरला. तुझ्यासारखं कमी शब्दांत. 'चेंडूला शेवटचा स्पर्श पिवळ्यांचा होता. मी झेंडा निळ्यांना दिला. रेफ्रींनी डावा हात वर केला. तो निर्णय होता की नाही हे मला सांगता येत नाही, कारण त्यानंतर मी रागाने त्यांच्याकडे पाहणं टाळलं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा मी रेफ्रींकडे पाहिलेलं नव्हतं.' सही केली, पाकीट बंद केलं आणि ऑफिसात नेऊन सेक्रेटरींच्या हातात दिलं. ते म्हणाले, "वाचून दाखवू ना मीटिंगमध्ये?" मी म्हटलं, त्यासाठीच लिहिलंय. जिना उतरताना मला जरा हलकं वाटलं, हे कबूल करतो. म्हटलं, जे कागदावर जमलं ते तोंडाने सांगायलाही जमेल. तिथून तसाच दापोडीला गेलो.

सुजातावहिनी एकट्याच होत्या. बालवाडीतली नोकरी, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी सावकाश, एकेक शब्द सुटा. त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला. रडल्या नाहीत. तुझी रेफ्रीची काळी जर्सी दोरीवर वाळत होती, ती काढून त्यांनी घडी केली आणि मांडीवर ठेवली.

मग म्हणाल्या, "भाऊजी, एक विचारायचं होतं. सगळे सांगतायत, पटकन गेले, त्रास झाला नाही. मला ते नको. मला एवढंच सांगा, पडायच्या आधी कोणाकडे बघत होते?"

मी म्हटलं, "माझ्याकडे."

त्या बराच वेळ जर्सीवरून हात फिरवत राहिल्या. "बरं झालं," म्हणाल्या. "मला वाटत होतं, एवढ्या गर्दीत कोणीच नसेल. आपल्या माणसाकडे बघत होते म्हणजे बरं झालं." चहा उतू गेला, त्यांनी उठून गॅस बंद केला. पाठमोऱ्या उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "आणि तुम्हीपण बघत होतात ना त्यांच्याकडे?"

मिलिंदा, सोमवारी तो कागद सगळ्यांसमोर वाचला जाईल, आणि तिथली गोष्ट दापोडीत पोचायला संध्याकाळही लागणार नाही. हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "हो वहिनी. बघत होतो."